लोण्याचा पंचनामा

महसूल खात्यात तेहतीस वर्षे चाकरी करून, परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या बहुतेक कचेऱ्यांच्या दफ्तरांतली धूळ नाकातोंडात साठवून, अव्वल कारकून या हुद्द्यावरून मी सेवानिवृत्त झालो आणि लोहाऱ्यातल्या आमच्या घरी कायमचा दाखल झालो, तेव्हा या घटनेने घरात आनंदीआनंद होईल अशी माझी जी समजूत होती ती पहिल्या पंधरवड्यातच रद्दबातल ठरली. निवृत्त कारकुनाला अधिकार नसला तरी चालते, परंतु तपासणी नसली तर चालत नाही. आणि घरात तपासण्याजोगे जे जे होते ते तपासण्याचा मी प्रयत्न केला. ज्वारीच्या कोठ्या झाल्या, विजेची बिले झाली, लोणच्याच्या बरण्यांवर नावनिशीच्या चिठ्ठ्या चिकटवण्याची माझी सूचना तर वाचण्याआधीच फेटाळली गेली. अखेरीस, दर आठवड्याला घरात होणारे लोणी आपण करावे, असा तोंडी अर्ज मी आमच्या सौभाग्यवतींकडे केला, आणि आश्चर्य असे की तो विनातक्रार मंजूर झाला. मंजुरी देताना त्यांच्या मुद्रेवर जे स्मित उमटले त्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता, तर पुढचे हे प्रकरण उद्भवलेच नसते.

लोण्याची निवड मी पूर्ण विचारांती केली होती. दूध तापवावे, साय काढावी, ती विरजावी आणि घुसळावी, अशा चार क्रियापदांत आटोपणारे हे काम मला एखाद्या फेरफार नोंदीपेक्षाही सोपे वाटले. शिवाय दूध किती आले आणि लोणी किती निघाले याचा जमाखर्च मांडता येतो, म्हणजे हे काम स्वयंपाकघरातले असले तरी स्वभावाने कचेरीतले आहे, असाही माझा ग्रह झाला. आमच्याकडे रोज दोन लिटर म्हशीचे दूध येते. ते तापवून निवले की वर जाड साय धरते, ती चमच्याने काढून शीतकपाटातल्या एका पोलादी डब्यात जमा होते, त्यावर थोडे विरजण पडते, आणि आठ दिवसांनी डबा भरला की लोण्याचा वार येतो. हा डबा पोटात काय बाळगून आहे हे बाहेरून कुणालाही समजत नाही. आयर्लंडातल्या दलदलींत शेकडो, क्वचित हजारो वर्षांपूर्वी पुरून ठेवलेले लोणी अजूनही सापडते, असे मी वाचले होते. आमच्या डब्यातला तळचा थर पाहिल्यावर त्या वृत्तावर माझा पूर्ण विश्वास बसला.

माझ्या कारकिर्दीचा आरंभ दुर्दैवाने वैशाखात झाला. वैशाखात आमच्या लोहाऱ्यात दुपारी चाळीस अंशांच्या वर पारा जातो, आणि माणसे, म्हशी व शीतकपाट ही तिन्ही सारख्याच जोराने धापा टाकतात. सकाळचे काम उरकून, वर्तमानपत्र वाचून, साडेअकराच्या सुमारास मी डबा बाहेर काढला, साय भांड्यात ओतून मिक्सरचे झाकण लावले आणि कळ फिरवली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आत फेस आला, तो फुगला, फुगून झाकणातून डोकावला, पण लोणी म्हणून ज्या पदार्थाची महती आजवर ऐकली होती त्याचा मागमूस दिसेना. मी मुदतवाढ दिली. मिक्सर तापला, साय तापली, मीही तापलो, आणि शेवटी भांड्यात एक पिवळसर, तेलकट, ना दूध ना दही अशा अवस्थेतला द्रव उरला, ज्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी हे मला तेहतीस वर्षांच्या अनुभवानेही सांगता येईना.

“काय करायलाव हे?” असे विचारत सौभाग्यवती आत आल्या, भांड्याला बाहेरून नुसता तळहात लावला आणि म्हणाल्या, “भांडं बघा की कसं पोळायलंय. लोणी करायलाव का च्या?” मग त्यांनी बर्फाचे सात-आठ खडे आत टाकले, चार वेळा कळ फिरवली, आणि माझ्या अर्ध्या तासाच्या उद्योगाला जे साधले नव्हते ते दोन मिनिटांत पांढरेशुभ्र होऊन वर तरंगू लागले.

हा पराभव मला जिव्हारी लागला, व कारकुनाला पराभव झाला की तो नियमांचे पुस्तक काढतो त्याप्रमाणे मी या विषयातले शास्त्र धुंडाळले. दुधातला स्निग्धांश म्हणजे अतिसूक्ष्म गोलकांची एक अफाट प्रजा असून, त्यांतील प्रत्येक गोलकाभोवती एक तलम वेष्टण असते; ते वेष्टण शाबूत आहे तोवर हे गोलक जन्मभर शेजारी पोहत असूनही, एकाच वाड्यातल्या भाऊबंदांप्रमाणे, एकमेकांत मिसळत नाहीत. घुसळण्याच्या आघाताने ही वेष्टणे फाटतात आणि आतला स्निग्धांश दुसऱ्याच्या स्निग्धांशाला चिकटतो. मात्र त्यासाठी तो अर्धा घट्ट आणि अर्धा पातळ असावा लागतो. फार गार असला तर कण नुसते आपटत राहतात, फार उष्ण असला तर त्याचे तेल होऊन ते पुन्हा पाण्यात विखुरते; म्हणून बारा ते पंधरा अंशांच्या आसपासचा थंडावा या कामाला मानवतो. म्हणजे वैशाखातल्या टळटळीत दुपारी लोण्याची अपेक्षा धरणारा मी, आणि भर पावसाळ्यात शेतमोजणीची तारीख देणारा अधिकारी, या दोघांत फारसे अंतर नव्हते.

या शास्त्रातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. दुधात पाणी हे राज्य असते आणि स्निग्धांश ही त्यात विखुरलेली रयत. लोण्यात नेमके उलटे होऊन स्निग्धांशाचे राज्य होते आणि पाणी थेंबाथेंबाने त्याच्या पोटात जाऊन बसते. हे सत्तांतर हळूहळू होत नाही. कितीतरी वेळ काहीच घडत नाही असे वाटते, घुसळणाऱ्याचा धीर सुटतो, आणि मग एका क्षणी सारे पालटते. आमचा हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या अमलाखाली होता. वडील सांगत की हा अंमल कधी उठेल असे कुणी छातीठोकपणे म्हणत नसे, आणि सप्टेंबर १९४८मध्ये १३ तारखेला फौजा आत आल्या नि १७ तारखेला सारा मामला निकालात निघाला. वडिलांना लोण्याचे रसायन ठाऊक नव्हते, परंतु त्या पाच दिवसांचे वर्णन करताना त्यांच्या तोंडी “लोणी आल्यागत” हाच शब्दप्रयोग येई.

शास्त्र हाती आल्यावर पुढल्या खेपेस मी पहाटे उठलो, बर्फ घातला, लोणी काढले, तीन पाण्यांनी धुतले, आणि तराजूत घालून पाहिले तेव्हा ते साडेसहाशे ग्रॅम भरले. आनंदाच्या भरात मी वही काढून ताळेबंद मांडला, आणि तिथेच माझ्या हातातली लेखणी थबकली. डेअरीच्या पावतीप्रमाणे आमच्या दुधाला फॅट सुमारे ७ होते. रोज दोन लिटर, म्हणजे आठ दिवसांचे सोळा लिटर. त्यात स्निग्धांश झाला ढोबळमानाने १ किलो १२० ग्रॅम. बाजारच्या लोण्यात कायद्याने निदान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो; घरच्या लोण्यालाही तोच दंडक लावला, तर आमच्या घरी १ किलो ४०० ग्रॅम लोणी निघायला हवे होते. निघाले साडेसहाशे. साडेसातशे ग्रॅमची तफावत! एवढ्या तफावतीवरून मी चाकरीत असताना लोकांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्या आहेत.

मी गुपचूप चौकशी सुरू केली. नातवावर पहिला संशय गेला, कारण लोण्याच्या चोरीत बालकांचा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. गोकुळात शिंक्यावरच्या मडक्यांच्या बाबतीत जे प्रकार घडले ते २०२४पर्यंतच्या दंडविधानाच्या ३७९ कलमाखाली सरळ बसले असते, पण फिर्यादी बायका आरोपीच्या आईपाशी तक्रार नेत आणि आरोपीचे मुख पाहून तक्रार विसरत, असा तो एकमेव खटला असावा. नातवाने आरोप साफ नाकारला व आपल्याला लोणी नव्हे, चॉकलेट आवडते अशी कैफियत दिली, जी मला खरी वाटली. सूनबाईंना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटी मुद्देमालासह मी सौभाग्यवतींसमोर हजर झालो आणि वही पुढे केली.

त्यांनी वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. “सकाळपासनं चार कप च्या झाला तुमचा,” त्या म्हणाल्या, “त्यात दूध काय आभाळातनं पडलंय? सगळं लोणी सायीत येतंय होय? निम्मं दुधातच राहतंय, अन्‌ ते दूध कोण पितंय? सापडला का चोर?”

चोर सापडला. तापवलेल्या दुधावर जी साय धरते तिच्यात सगळा स्निग्धांश येत नाही. बराचसा दुधातच राहतो, थोडासा ताकातून निसटतो, आणि हे सारे गेली कित्येक वर्षे माझ्याच पोटात जमा होत असून, त्याची मोजणी पाहिजे असल्यास माझ्या कमरेच्या पट्ट्याच्या छिद्रांवरून करता येते. प्रकरण मी दफ्तरी दाखल केले.

आपल्या भाषेने तरी लोण्याला बरी वागणूक कुठे दिली आहे? गोळा मऊ, शुभ्र आणि निरुपद्रवी; परंतु खुशामत करायची तर लोणी लावायचे, आणि नीचपणाची परिसीमा सांगायची तर मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खायचे. ताजे लोणी कढवून जे लोणकढे तूप होते त्याचे नाव कुणी रचलेल्या थापेला का द्यावे, हे कोडे मला उलगडलेले नाही. एके काळी मुंबईत पॉलसन नावाचे डबाबंद लोणी इतके घरोघर पोचले होते की साहेबाची खुशामत करण्याला ‘पॉलसन लावणे’ म्हणू लागले. पुढे त्या कंपनीच्या मक्तेदारीला कंटाळून खेडा जिल्ह्यातल्या गवळ्यांनी १९४६ साली आपला सहकारी संघ काढला, त्याचेच लोणी आज अमूल या नावाने मुलांच्या पावावर असते. ते पिवळे असते आणि आमचे पांढरे, यावरून नातू आमच्या लोण्याला नकली समजतो. गाईच्या लोण्यात चाऱ्यातले कॅरोटिन उतरते म्हणून ते पिवळसर दिसते, म्हैस ते कॅरोटिन आपल्या अंगातच अ जीवनसत्त्वात पालटून टाकते म्हणून तिचे लोणी पांढरे राहते, हे मी त्याला समजावले. परंतु जाहिरातीपुढे आजोबांच्या साक्षीला वजन नसते.

एवढा सारा खटाटोप चालू असताना मला राहून राहून आई आठवे. आमचे जुने घर माळवदाचे, दगडामातीच्या भिंतींचे होते आणि मधल्या खणातला एक लाकडी खांब हा आमचा घुसळखांब होता. दोरीच्या घर्षणाने त्याला कमरेच्या उंचीवर जी गुळगुळीत खाच पडली होती ती किती पिढ्यांची होती हे कुणास ठाऊक. आई अंधारात उठे, डेऱ्याला तळहात लावून पाही, थंडीचे दिवस असले तर कोमट पाणी आणि उन्हाळा असला तर माठातले गार पाणी आत सोडी, आणि मग रई सुरू होई. शास्त्राच्या पुस्तकात मी ज्या अंशांचा शोध लावला ते तिच्या तळहातात होते, आणि उन्हे वर येण्यापूर्वीच घुसळण का आटोपावी हेही तिला कुणी सांगावे लागले नव्हते. आधी रईचा आवाज पोकळ, घुमणारा असे. लोणी जमू लागले की तो जड होई, मंदावे, आणि थांबे.

तो आवाज थांबणे ही गल्लीतली दवंडी होती. कारण दूध विकावे, तूप विकावे, पण ताक विकू नये, हा त्या वेळचा शिरस्ता होता, आणि ज्या घरी रई वाजली त्या घरी ताक मागण्याचा हक्क सबंध गल्लीला वहिवाटीने मिळाला होता. तरीही मागायचा संकोच हा वाटेच. शेजारच्या काकू येत त्या पोराचा ताप सांगायला, किंवा तुळजापूरच्या यात्रेला कोण कोण जाणार ते विचारायला, आणि पितळी भांडे पदराआड असे. ताकाला जाऊन भांडे लपवणे या म्हणीचा जन्म पुस्तकात झालेला नाही, तो आमच्या उंबऱ्यावर मी डोळ्यांनी पाहिला आहे. आईही कमी नव्हती. ताक ओतण्याआधी ती आपल्या गुडघेदुखीची साद्यंत हकीकत सांगे, आणि काकू ती दर आठवड्याला पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत. ताकापुरते रामायण म्हणतात ते हेच. या दोन म्हणी आपण शाळेत वेगवेगळ्या पानांवर शिकलो, परंतु त्या एकाच पहाटेच्या, एकाच उंबऱ्यावरच्या आहेत. एक आतल्या बाजूची आणि एक बाहेरच्या बाजूची.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांवर त्या पहाटे जे कोसळले त्याबद्दल विनोदी लेखात लिहू नये, आणि मी लिहिणारही नाही. एवढेच सांगतो की माळवदाच्या मातीचा भार काय असतो हे त्या दिवसानंतर या भागात कुणाला सांगावे लागले नाही; जुनी घरे उतरवली गेली, पत्र्याची आणि सिमेंटची नवी घरे उभी राहिली, आणि त्या घरांच्या नकाशांत देवघर होते, मोरी होती, गाडी लावायला जागा होती, पण घुसळखांब नव्हता. तो ठेवायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्यानंतर आला मिक्सर, ज्याचा आवाज लोण्यालाही तोच आणि शेंगदाण्याच्या चटणीलाही तोच. तेव्हा आत नेमके काय चालले आहे हे शेजाऱ्यांना कळणार कसे? आमच्या गल्लीत ताक मागायला कुणी येत नाही, याचा दोष आम्ही बरीच वर्षे माणुसकीला देत होतो. माझ्या मते त्यातला निम्मा तरी दोष मिक्सरचा आहे. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दिवशी काय ते ताकाला पुन्हा मोल येते, कारण आंबिलीला ताक लागतेच. एरवी आमच्याकडचे उरलेले ताक कढीपत्त्याच्या झाडाला जाते, आणि ते झाड सबंध लोहाऱ्यात सर्वांत धष्टपुष्ट आहे.

ही मीमांसा सुचल्यावर स्वस्थ बसणे अशक्य होते. अडगळीतून मी आईची रई शोधून काढली, बाजारातून मातीचा डेरा आणला, आणि पुढल्या गुरुवारी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात समुद्रमंथन आरंभिले. खांब नसल्याने रई खिडकीच्या गजाला बांधली. पुराणात मंदार पर्वत बुडू लागला तेव्हा तळाशी कूर्म धावून आला होता. डेऱ्याच्या तळाशी चुंबळ ठेवायची असते हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. पहिली दहा मिनिटे सर्व यथास्थित चालले. रई घुमत होती, तो पोकळ आवाज तीस वर्षांनी आमच्या घरात उमटत होता, सौभाग्यवती दारात उभ्या राहून काही न बोलता ऐकत होत्या. आवाज जड झाला. मी उत्साहाने दोरीला एक झटका अधिक दिला, आणि डेरा कलंडला. लोण्याचा गोळा कसाबसा आत राहिला. ताकाचा निम्मा ओघ ओट्याखालून, उंबऱ्यावरून, थेट अंगणाच्या दिशेने रवाना झाला.

“निघालं का हलाहल?” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

मी शंकराची भूमिका पत्करावी की पोतेरे आणावे या विवंचनेत असतानाच अंगणातून हाक आली. पलीकडच्या घरातल्या काकू, ज्या आता ऐंशीच्या घरात आहेत आणि सहसा उंबरा ओलांडत नाहीत, त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. “काय पडलं म्हणून बघाय आले,” त्या म्हणाल्या, “बरे हाव ना सगळे?” चौकशी यथोचित होती. परंतु पदराखालून पितळेची एक कड चकाकत होती, आणि भांडे पडल्याचा आवाज ऐकून कुणी आपले भांडे घेऊन निघत नाही. त्यांनी रई ऐकली होती.

डेऱ्यात तांब्याभर ताक उरले होते, ते सगळे त्यांना दिले. अर्थात त्याआधी लोण्याचे तापमान, साडेसातशे ग्रॅमची तफावत आणि म्हशीच्या कॅरोटिनची हकीकत मी त्यांना साद्यंत सांगितली, आणि त्यांनी ती, आई सांगत असे तेव्हा ऐकत तशीच, मान हलवीत ऐकून घेतली.

सबब, सर्व संबंधितांस या जाहीरनाम्याने कळविण्यात येते की, आमच्या घरी दर गुरुवारी पहाटे साडेपाचला रई लागते. डेऱ्याखाली आता चुंबळ आहे. ताक विकले जात नाही, मागितले की मिळते. येणाऱ्याने भांडे आणावे आणि ते उघड हाती धरून आणावे, लपवण्याचे कारण नाही. मात्र ताक मिळेपर्यंत वरील पंचनामा ऐकून घ्यावा लागेल, आणि त्यात कोणतीही सूट दिली जाणार नाही.